पॅनेल आणि मोटार यांच्यामधली पेटी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवारांत गेल्या दहा वर्षांत सौर पंप जसजसे वाढत गेले, तसतशी मोटार, बोअर, स्टार्टर आणि डीपी या शेतकऱ्याच्या रोजच्या शब्दांत 'कंट्रोलर' या आणखी एका शब्दाची भर पडली. पॅनेलच्या सांगाड्याच्या खांबाला छातीच्या उंचीवर बोल्टने आवळलेली ही पत्र्याची पेटी बाहेरून अगदी साधी दिसते. समोर एक छोटा पडदा, दोन-तीन बटणे, तारा आत-बाहेर जाण्यासाठी खाली रबरी तोंडे आणि पाठीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्यांची रांग. पॅनेल लांबूनही दिसते, पाइपातून पडणारे पाणीही दिसते. त्या दोहोंच्या मध्ये जे घडते ते दिसत नाही, त्यामुळे पेटी बंद पडेपर्यंत तिची आठवणही कोणाला होत नाही. तरीही उन्हापासून झालेली वीज पिकाच्या मुळाशी पाणी होऊन पोहोचणार की नाही, हे या पेटीत ठरते, आणि ती कशी असावी याचा शोध घेणारी विद्येची एक शाखा आज जगभर झपाट्याने विस्तारत आहे. तिला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात.

सौर पॅनेलमधून मिळते ती दिष्ट प्रवाहाची, म्हणजे डीसी, वीज. ती एकाच दिशेने वाहते आणि ऊन चढेल-उतरेल तशी कमी-जास्त होत राहते. बोअरमधल्या नेहमीच्या मोटारीला मात्र तीन फेजची प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, वीज लागते, जिचा प्रवाह आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे असे आवर्तन पूर्ण करतो. एका रूपातली वीज दुसऱ्या रूपात, दुसऱ्या दाबाची किंवा दुसऱ्या वारंवारतेची करून देणाऱ्या मंडलाला कन्व्हर्टर, म्हणजे परिवर्तक, असे नाव आहे आणि डीसीची एसी करणारा परिवर्तक तो इन्व्हर्टर. मोबाइलचा चार्जर हाही परिवर्तकच. अकोला आणि बडनेरा स्थानकांतून जाणारी नव्या पिढीची विजेची रेल्वे इंजिने वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची एका फेजची वीज घेऊन तिचा दाब उतरवतात, तिची डीसी करतात आणि त्या डीसीची पुन्हा तीन फेजची एसी करून चाकांच्या मोटारींना देतात. सौर पंपाची पेटी आणि त्या इंजिनाचे पोट यांत फरक आहे तो आकाराचा आणि ताकदीचा, तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

ते तत्त्व उघडझापीचे आहे. विजेचा दाब कमी करायचा तर वाटेत रोध घालावा, ही जुनी रीत. पण रोधात अडलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. त्याऐवजी वाटेत एक असा खटका ठेवला की जो एकतर पूर्ण उघडा असेल किंवा पूर्ण बंद, तर उघडा असताना त्यातून प्रवाह वाहत नाही आणि बंद असताना त्याच्या दोन टोकांत दाब उरत नाही, म्हणून दोन्ही स्थितींत नुकसान नाममात्र राहते. सेकंदाला हजारो वेळा ही उघडझाप केली आणि किती वेळ उघडे व किती वेळ बंद हे प्रमाण बदलत नेले, की हवा तो सरासरी दाब मिळतो. असा खटका हाताने चालणारा नसतो, तो अर्धवाहकाचा करावा लागतो, आणि या विद्येचा सगळा इतिहास हा उत्तम खटक्याच्या शोधाचा इतिहास आहे. अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेची नळी वापरून एसीची डीसी केली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत थायरिस्टर हा अर्धवाहकाचा खटका तयार झाला. विदर्भाला थायरिस्टर अनोळखी नाही. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जाणारी, धन-ऋण ५०० किलोव्होल्टची आणि १,५०० मेगावॉट क्षमतेची डीसी वाहिनी १९९९ पासून वीज पोहोचवत आहे, आणि तिच्या दोन टोकांना एसीची डीसी व डीसीची एसी करणारी थायरिस्टरांची दालने आहेत.

थायरिस्टरला एक मोठी मर्यादा होती. इशारा देऊन त्यातून प्रवाह सुरू करता येई, पण इशाऱ्याने तो थांबवता येत नसे. चेन्नईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा यांनी १९८० च्या सुमारास त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना आयजीबीटी हा नवा खटका विकसित केला, जो अगदी अल्प विजेच्या इशाऱ्याने प्रवाह सुरूही करतो आणि थांबवतोही. आज पवनचक्क्या, विजेची वाहने, रेल्वे इंजिने आणि सौर इन्व्हर्टर यांच्या पोटात हाच खटका मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. या कामासाठी बालिगा यांना २०२४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. विजेच्या बचतीला इतका हातभार लावणाऱ्या माणसाचे नाव आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

नुसत्या उघडझापीने दाब कमी करता येतो. तो वाढवायचा असेल तर तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, मदतीला घ्यावे लागते. शेतात लांब पाइपातून पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर पाइप हादरतो आणि क्षणभर आत मूळच्या कितीतरी पट दाब तयार होतो, हे ओलित करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. वाहत्या पाण्याचा जोर जसा थांबायला तयार नसतो, तसाच कॉइलमधला प्रवाहही अचानक थांबायला तयार नसतो. खटका बंद ठेवून कॉइलमध्ये प्रवाह चढू दिला आणि मग खटका उघडला, की तो प्रवाह वाढीव दाबाने पुढच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या टाकीत, शिरतो. अशा परिवर्तकाला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या पुढे इन्व्हर्टरचे सहा खटके त्या टाकीतली डीसी बारीक-जाड तुकड्यांत कापून मोटारीला अशा क्रमाने देतात की मोटारीच्या गुंडाळीला ती तीन फेजची लहरच भासते.

पेटीचे दुसरे काम अधिक नाजूक आहे. पॅनेलमधून किती वीज निघेल हे जसे उन्हावर अवलंबून असते, तसे ती कोणत्या दाबाने काढून घेतली जाते यावरही असते. दाब फार कमी ठेवला तर प्रवाह भरपूर पण शक्ती थोडी, दाब फार चढवला तर प्रवाहच आटतो, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक बिंदू असा असतो की तिथे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार सर्वांत मोठा होतो. हा कमाल शक्तीचा बिंदू ऊन, ढग आणि तापमान यांच्याबरोबर सारखा सरकत राहतो, म्हणून पेटीतला छोटा संगणक दाब थोडा बदलून पाहतो, शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर मागे फिरतो, आणि हा शोध दिवसभर चालू ठेवतो. या रीतीला एमपीपीटी असे लघुनाव आहे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर बाभळीची सावली पडली, पक्ष्यांची विष्ठा सुकली किंवा वखरणीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ एकीकडे जास्त बसली, की शक्तीच्या आलेखावर एकाऐवजी दोन-तीन उंचवटे तयार होतात आणि साधी रीत एखाद्या बुटक्या उंचवट्यावरच थांबते. त्यावर तोड म्हणून पक्ष्यांच्या थव्याच्या हालचालीवर बेतलेल्या, कृत्रिम मज्जाजालाच्या आणि इतर अनेक शोधपद्धती सुचवल्या गेल्या आहेत. या एका प्रश्नावर अभियांत्रिकी महाविद्यालयांत अक्षरशः हजारो निबंध लिहिले गेले असतील.

पेटी काय करते हे वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत जानेवारीच्या एका दिवसावरून स्पष्ट होते. आंबिया बहारासाठी झाडांना दिलेला ताण याच सुमारास तोडून पाणी सुरू करतात. सकाळी ऊन कोवळे असते, तेव्हा पेटी मोटारीला ५० ऐवजी ३० किंवा ३५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आवर्तनांची, वीज देते आणि मोटार हळू फिरते. इथे पंपाचा एक नियम आडवा येतो. ढोबळमानाने पंपाचा विसर्ग वेगाच्या प्रमाणात, पाणी उचलण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आला की शक्ती ५१ टक्के पुरते, पण पाणी उचलण्याची उंची ६४ टक्केच राहते. उथळ विहिरीवर हे सोयीचे ठरते, कारण थोड्या उन्हातही पाणी येऊ लागते. खोल बोअरवर मात्र मोटार फिरत असते, पडद्यावर आकडे दिसत असतात आणि पाइपाच्या तोंडाशी थेंबही येत नाही, कारण तेवढ्या वेगाने पाणी वरपर्यंत चढतच नाही. ऊन चढून वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी एकदम सुरू होते. दुपारी एखादा ढग आडवा आला, की पेटीला क्षणार्धात वेग उतरवावा लागतो. तिने उशीर केला तर पॅनेलचा दाब कोसळतो आणि मोटार बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. विहिरीतले पाणी संपून मोटार कोरडी चालू लागली, तर प्रवाह घटल्यावरून ते ओळखून मोटार थांबवणे हेही पेटीचेच काम. एकाच क्षमतेचा पंप एका शेतात उत्तम चालतो आणि बांधापलीकडच्या शेतात निकामी वाटतो, याचे मूळ पुष्कळदा बोअरच्या खोलीत असते, आणि जमिनीच्या एकरांवरून ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप ठरवण्याच्या राज्याच्या सौर पंप योजनेच्या रीतीत या खोलीला तिच्या योग्यतेचे स्थान मिळायला हवे.

आता वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. पॅनेलची शक्ती २५ अंश सेल्सिअसला मोजून त्याच्या पाठीवर छापलेली असते; मे महिन्यात अकोल्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि पॅनेल ७० अंशांपर्यंत तापते. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के या हिशेबाने तेव्हा साधारण १६ टक्के शक्ती नुसत्या तापण्याने कमी होते. ही घट पॅनेल निवले की भरून निघते. पेटीत होणारी झीज मात्र भरून निघत नाही. तिच्यातल्या विजेच्या टाकीसाठी पुष्कळदा द्रवभरले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरतात, ज्यांचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. खटक्याच्या आत सिलिकॉनच्या चकतीवर ॲल्युमिनियमच्या केसासारख्या तारा चिकटवलेल्या असतात. तापल्यावर ॲल्युमिनियम सिलिकॉनपेक्षा सात-आठ पटींनी अधिक प्रसरण पावते, म्हणून प्रत्येक तापण्या-निवण्यागणिक त्या जोडावर ताण येतो. श्रावण-भाद्रपदात दर पाच मिनिटांनी ऊन-सावली होते, तेव्हा असे शेकडो फेरे एका आठवड्यात होतात आणि जोड हळूहळू सुटत जातो. पॅनेल २५ वर्षे चालेल या अपेक्षेने बसवतात, राज्याच्या योजनेत दुरुस्तीची हमी पाच वर्षांची असते. मधली वीस वर्षे या चिमुकल्या जोडांवर आणि कपॅसिटरवर अवलंबून आहेत.

यावर जगात दोन दिशांनी काम चालू आहे. एक, इलेक्ट्रोलिटिकच्या जागी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे, अधिक टिकाऊ कपॅसिटर वापरता यावेत म्हणून मंडलाची रचनाच बदलणे. दुसरी, खटक्याचा पदार्थ बदलणे. धार लावण्याच्या दगडात वापरतात ते सिलिकॉन कार्बाइड अतिशुद्ध स्फटिकरूपात मिळाले, तर ते सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युत ताण सहन करते, उष्णता अधिक चांगली वाहून नेते आणि जास्त तापमानातही काम करते. त्याचा खटका अधिक वेगाने उघडझाप करतो, म्हणून कॉइल आणि कपॅसिटर लहान होतात आणि उष्णताही कमी निर्माण होते. मात्र या वेगालाच वऱ्हाडात एक अडचण आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. खटका इतक्या झपाट्याने उघडतो की दाबाची उडी केबलमधून लाटेसारखी धावते, मोटारीशी आपटून परत फिरते आणि आपटण्याच्या क्षणी मोटारीच्या टोकांशी जवळपास दुप्पट दाब तयार होतो. केबल हातभर असेल तर हा परिणाम जाणवत नाही. पण पेटी खांबावर आणि मोटार बोअरमध्ये शे-दीडशे मीटर खाली, म्हणजे केबलही तेवढीच लांब, अशी स्थिती असेल तर प्रत्येक उघडझापीचा तडाखा गुंडाळीच्या पहिल्या काही वेढ्यांवर बसतो. मोटार जळते, ती उपसून वर काढली जाते, रिवाइंडिंगवाल्याकडे जाते, आणि दोष मोटारीच्या माथी येतो. पेटीच्या तोंडाशी एक गाळणी-मंडल बसवले तर हा तडाखा बोथट होतो. त्याचा खर्च मोटार दोनदा भरून घेण्याच्या खर्चापुढे मोठा नाही.

एकेकट्या पंपापलीकडे गावाच्या लाइनचा प्रश्न येतो. शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळण्याच्या पद्धतीमुळे हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत मध्यरात्री, साप-विंचवांच्या भीतीत जावे लागते, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर दिवसा चालवले जातात. इथला इन्व्हर्टर मोठा असतो आणि त्याला लाइनशी जुळवून घ्यावे लागते. लाइनची लहर पाहून तिच्या पावलावर पाऊल टाकत तो वीज सोडतो आणि लाइन बंद पडली की स्वतःही थांबतो. हे थांबणे जीवनमरणाचे आहे, कारण लाइन बंद आहे असे समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो. मात्र याच कारणाने अमरावतीत ज्याच्या गच्चीवर, बॅटरीशिवाय, सौर पॅनेल आहे, त्याचे घरही भर दुपारी लाइन गेल्यावर अंधारात राहते.

सगळेच इन्व्हर्टर पावलावर पाऊल टाकणारे झाले, तर पहिले पाऊल कोण टाकणार, हा आजच्या संशोधनातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि त्यांची अवजड चक्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात. हात काढल्यावरही जाते जसे क्षणभर फिरत राहते, तशी ही चक्रे कुठे अचानक वीज कमी पडली तर आपल्या अंगच्या वेगातून काही सेकंद ती पुरवतात आणि तेवढ्यात बाकीची यंत्रणा सावरते. सौर इन्व्हर्टरमध्ये फिरणारे काहीच नसते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने वाहिन्या पाडल्या, तेव्हा दाबाचे लागोपाठ हिसके बसताच अनेक पवनचक्की प्रकल्पांनी आपल्या संरक्षण-मर्यादेनुसार वीज घटवली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. ती मर्यादा म्हणजे नियंत्रकाच्या आज्ञावलीतला एक आकडा होता, जो नंतर बदलता आला. पुढच्याच वर्षी तिथे हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, आणि २०२२ पासून तिचे इन्व्हर्टर फिरत्या चक्रासारखे वागून स्वतःच लाइनची लहर घडवतात. अशा ग्रिड घडवणाऱ्या इन्व्हर्टरांना बॅटरीची जोड मिळाली, तर एखादे उपकेंद्र मुख्य लाइन गेल्यावरही स्वतःच्या बळावर आपले फिडर चालू ठेवू शकेल.

हे प्रश्न ज्या मातीत उभे आहेत, तिथे ते सोडवण्याची साधनेही आहेत. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून, बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे आणि शेगावचे श्री संत गजानन महाराज ही महाविद्यालये १९८३ पासून अभियंते घडवत आहेत, आणि १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जा व विद्युत अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. या विषयावरचे आपल्याकडचे विद्यार्थीकाम बहुतांशी संगणकाच्या पडद्यावरच्या प्रतिरूपात पूर्ण होते; तिथे ऊन पायरीपायरीने बदलते, पॅनेलवर धूळ नसते आणि केबलला लांबी नसते. त्यातली निम्मी मेहनत जरी उघड्या रानात टांगलेल्या पेटीतले तापमान वर्षभर नोंदवण्याकडे, आणि रिवाइंडिंगच्या दुकानांत येणाऱ्या सौर पंपाच्या मोटारींचा कोणता वेढा जळाला हे तपासण्याकडे वळली, तरी इतरत्र सहज न मिळणारी माहिती वऱ्हाडातून मिळेल. तालुक्याच्या गावी कपॅसिटर आणि खटका बदलू शकणारा, दाब मोजून दोष ओळखणारा कारागीर तयार करणे हेही याच विद्येचे काम आहे. आयटीआयमध्ये मोटार भरायला शिकवतात, तसे ही पेटी उघडायला शिकवले पाहिजे.

या पेटीला आणखी एक काम देता येते. पंप वर्षातले निदान पाच-सहा महिने बंद असतो, आणि त्या काळात ५ अश्वशक्तीच्या पंपाची साडेचार-पाच किलोवॉटची पॅनेल्स उन्हात नुसती उभी असतात. केंद्राच्या नियमांत आता एका बहुउपयोगी कंट्रोलरला वाव आहे, जो पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबा कुट्टी, पिठाची चक्की किंवा शीतपेटी चालवू देतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल वऱ्हाडातल्या कितीतरी बचत गटांकडे आहे. तूर घरात येते ती जानेवारी-फेब्रुवारीत आणि डाळ करण्याचे दिवस येतात ते मार्च ते मे, म्हणजे रब्बीचे ओलित संपल्यावर, लख्ख उन्हाच्या काळात. गिरणीच्या मोटारीला पंपासारखा कमी-जास्त वेग चालत नाही, तिला ढग आला तरी ठरलेला फेरा हवा असतो आणि सुरू होतानाचा झटका पंपापेक्षा मोठा असतो. तेवढ्यापुरती छोटी बॅटरी आणि हळूहळू वेग चढवणारी आज्ञावली त्याच पेटीत बसवता येते.